सुधारणा कशामुळे? स्वमग्न मुले, पर्यायी आहार आणि उपचारांची पारख

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्था असून इतरांशी संवाद साधण्यातील अडचण, ठरावीक गोष्टींतच रमून जाणे, रोजच्या क्रमात झालेला बदल सहन न होणे आणि आवाज, स्पर्श, चव, वास यांबाबत फार जास्त किंवा फार कमी संवेदनशील असणे ही तिची ठळक लक्षणे मानली जातात. जगभरात साधारणपणे शंभरातील एका मुलात ती आढळते आणि तिच्या या मूळ लक्षणांवर खात्रीने गुण देणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. अमेरिकेत 2006 मध्ये रिस्पेरिडोनला आणि 2009 मध्ये अरिपिप्राझोलला मान्यता मिळाली, ती केवळ तीव्र चिडचिड आणि आक्रस्ताळेपणा कमी करण्यापुरती. निदान झाल्यानंतर पालकांपुढे वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार, वर्तनप्रशिक्षण आणि विशेष शिक्षण असा मार्ग ठेवला जातो. तो वर्षानुवर्षे चालावा लागतो, त्याची फळे हळूहळू दिसतात आणि तालुक्याच्या गावी तर असे उपचारतज्ज्ञ मिळणेच अवघड असते. ही जी पोकळी राहते, ती विशेष आहार, जीवनसत्त्वांचे मोठे डोस, उंटिणीचे दूध, शरीरातील ‘विष’ काढणारी औषधे, मूळपेशींची इंजेक्शने अशा नाना उपायांनी भरली जाते, आणि निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा गोषवारा पाहता सुमारे निम्मी कुटुंबे केव्हा ना केव्हा यांपैकी एखाद्या उपायाकडे वळलेली असतात.

या ओढीमागे इतिहासही आहे, आणि तो वैद्यकशास्त्राला फारसा भूषणावह नाही. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केल्यानंतर पुढची दोन-तीन दशके अनेक डॉक्टर या अवस्थेचा दोष आईच्या कथित थंडपणावर टाकत राहिले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकातून या समजाला मोठी प्रसिद्धी दिली. त्याला पहिला जोरदार छेद दिला तो स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी, त्या पुस्तकाच्याही आधी, 1964 मध्ये. स्वमग्नता जैविक आहे, आईच्या वागण्यातून ती उद्भवत नाही, हे त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरवले. मात्र याच रिमलँड यांनी पुढे ब-6 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांच्या मोठ्या डोसांचा पुरस्कार केला, आणि 1995 मध्ये ‘डिफीट ऑटिझम नाऊ’ ही चळवळ सुरू केली, जिच्या छत्राखाली पुढे विशेष आहारापासून धातू काढण्याच्या औषधांपर्यंत बरेच काही आले. ज्या माणसाने आयांना अपराधीपणातून सोडवले त्याच्या शब्दावर पालकांनी विश्वास ठेवला, यात नवल नाही.

आहारांपैकी सर्वांत रुजलेला आहार म्हणजे ग्लुटेन आणि केसीन वर्ज्य करण्याचा. ग्लुटेन हे गहू, जव यांतील प्रथिन आणि केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन. 1979 मध्ये याक पँकसेप यांनी स्वमग्नतेतील काही लक्षणे आणि अफूजन्य पदार्थांचा परिणाम यांत साम्य असल्याचे सुचवले, आणि नॉर्वेचे कार्ल राइकेल्ट यांनी अशा मुलांच्या लघवीत अर्धवट पचलेल्या प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, आढळत असल्याचा दावा केला. त्यातून एक सुटसुटीत उपपत्ती उभी राहिली: आतड्याचे अस्तर ‘गळके’ असल्यामुळे गहू आणि दूध यांतील अफूसदृश तुकडे रक्तात आणि तेथून मेंदूत शिरतात व मुलाला गुंगीत ठेवतात. उपपत्ती आकर्षक होती, समजायला सोपी होती आणि तिच्यावरचा उपाय स्वयंपाकघरात, म्हणजे पालकांच्या हातात होता. पुढे अधिक काटेकोर रासायनिक पद्धतींनी तपासणी झाली तेव्हा स्वमग्न आणि इतर मुलांच्या लघवीत असा ठोस फरक आढळला नाही. पण तोवर आहार जगभर पसरला होता.

त्याची नीट परीक्षा करायची तर ‘दुहेरी-अंध’ पद्धत वापरावी लागते. मुलाला खरा पदार्थ दिला जातो आहे की तसाच दिसणारा निष्क्रिय पदार्थ, म्हणजे प्लासिबो, हे पालकांनाही ठाऊक नसते आणि निरीक्षण करणाऱ्यांनाही, अशी ही पद्धत. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात 15 मुलांना बारा आठवडे तयार जेवण घरपोच देण्यात आले. त्यातील काही आठवडे ते ग्लुटेन-केसीनमुक्त होते आणि काही आठवडे नव्हते. मोजमापांत फरक दिसला नाही, तरी अनेक पालकांना मूल सुधारल्याचे जाणवले होते. रॉचेस्टर विद्यापीठात सुसान हायमन यांच्या चमूने उलट बाजूने प्रयोग केला: आधीपासून काटेकोर आहारावर ठेवलेल्या 14 मुलांना ठरावीक अंतराने कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही आणि कधी यांपैकी काहीच नसलेला खाऊ देण्यात आला, आणि झोप, शौच, वर्तन यांपैकी कशातही खाऊनुसार फरक पडला नाही. या दोन्ही चाचण्या लहान आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु आहाराच्या बाजूने सांगितले जाणारे अभ्यास बहुधा असे आहेत की ज्यांत कोणते मूल आहारावर आहे हे पालकांना ठाऊक होते.

पालकांना दिसलेली सुधारणा खोटी होती असा याचा अर्थ नव्हे, आणि हे कसे ते सिक्रेटिनच्या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोठेही दिसत नाही. सिक्रेटिन हे लहान आतड्यातून स्रवणारे संप्रेरक आहे. 1902 मध्ये शोधले गेलेले हे पहिले संप्रेरक, आणि स्वादुपिंडाचे कार्य तपासताना ते एकदा टोचले जाते. 1998 मध्ये अमेरिकेत एक टिपण प्रसिद्ध झाले, ज्यात अशी तपासणी झालेल्या तीन स्वमग्न मुलांच्या बोलण्यात आणि नजरेत काही आठवड्यांत सुधारणा झाल्याची नोंद होती. दूरचित्रवाणीवर ही बातमी झळकताच हजारो पालकांनी मुलांना ते टोचून घेतले आणि औषधाचा तुटवडा पडला. 1999 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एड्रियन सँडलर आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. 60 मुलांपैकी निम्म्यांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचे पाणी टोचण्यात आले होते. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतील मुलांची गुणांकने सुधारलेली दिसली, आणि मिठाच्या पाण्यापेक्षा सिक्रेटिन कोणत्याही बाबतीत सरस ठरले नाही. पुढे एकूण सोळा चाचण्यांत नऊशेहून अधिक मुलांवर याचीच प्रचिती आली. मात्र या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय आकडा वेगळाच आहे: पहिल्या चाचणीचा निकाल समजावून सांगितल्यानंतरही त्यातील 69 टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजून रस असल्याचे सांगितले.

हा आकडा वाचून पालकांच्या भाबडेपणाला हसणे सोपे आहे, पण त्यांचे चुकले कोठे हे पाहिले तर चूक फारशी सापडत नाही. स्वमग्न मूलही इतर मुलांसारखे वाढत असते. चार महिन्यांत ते काही नवे शब्द शिकते, एखादी सवय सोडते, आणि ही वाढ एका लयीत न होता मध्येच थांबून एकदम पुढे जाते. त्याच्या अडचणी कधी वाढतात, कधी ओसरतात, आणि पालक नवा उपाय शोधतात ते बहुधा अडचणी शिगेला पोचलेल्या असताना, म्हणजे तशाही त्या ओसरणार असतात तेव्हा. शिवाय उपाय सुरू झाला की घरातील सर्वांचे लक्ष मुलाकडे लागते, त्याच्याशी बोलणे वाढते, आणि त्याच काळात शाळा किंवा वाचा-उपचारही चालू असतात. सुधारणा दिसते ती खरीच असते. ती कशामुळे झाली एवढेच घरी बसून कळू शकत नाही.

हीच गोष्ट ‘सहायित संभाषण’ या पद्धतीत अधिक करुण रूपात पुढे आली. ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी सुरू केलेली आणि 1990 च्या सुमारास डग्लस बिक्लेन यांनी अमेरिकेत नेलेली ही पद्धत अशी की, न बोलणाऱ्या मुलाचा हात सहायक व्यक्ती धरते आणि मूल अक्षरफलकावर एकेक अक्षर दाखवत वाक्ये बनवते. कधी शब्दही न उच्चारलेली मुले त्यातून कविता लिहू लागली. मग संशोधकांनी साधा प्रयोग केला: मुलाला एक चित्र दाखवले आणि सहायकाला, मुलाच्या नकळत, दुसरे. मुलाला किल्ली आणि सहायकाला पेला दाखवला, तर फलकावर ‘पेला’ उमटे. सहायक फसवत नव्हते. आपलाच हात मुलाच्या हाताला वळवतो आहे याची त्यांना खरोखरच कल्पना नव्हती, आणि ती कळल्यावर त्यांच्यापैकी काहींना जबर धक्का बसला. तरीही याच पद्धतीची थोडी बदललेली रूपे आज नव्या नावांनी चालू आहेत, आणि अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे.

आहाराकडे पुन्हा वळले असता, ‘करून पाहायला काय हरकत आहे’ हा प्रश्न महाराष्ट्रातील घरात नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मूल आत्ता काय खाते यावर अवलंबून आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसल्यामुळे भाकरी, घावन, आंबोळी यांवर वाढलेल्या मुलाला गहू सोडणे युरोपातील मुलापेक्षा सोपे जावे. तरी रवा, शेवया, बिस्किटे, टोस्ट, अनेक घरांत थालिपिठाच्या भाजणीत पडणारा गहू, आणि फोडणीतील बांधणीचा हिंग, ज्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे सगळे टाळावे लागते. दूध सोडणे अधिक कठीण. शाकाहारी घरात कॅल्शियम, ब-12 जीवनसत्त्व आणि चांगल्या दर्जाचे प्रथिन यांचा मोठा वाटा दूध-दहीच उचलते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण ते सगळे शरीराला लागत नाही, आणि ब-12 नाचणीत नसतेच. बदामाच्या पातळ दुधात प्रथिन नाममात्र असते.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. अनेक स्वमग्न मुले मुळातच फार थोडे पदार्थ खातात. एखादे मूल दूधभात, दहीभात आणि एकाच वेष्टनातील बिस्किटे एवढ्यावरच असते, वेष्टनाचा रंग बदलला तरी बिस्किट नाकारते. अशा मुलाच्या ताटातून गहू आणि दूध काढले की मोकळा भात उरतो. 2008 मधील एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी आढळली आणि केसीनमुक्त आहारावरील मुलग्यांत ही तूट अधिक होती. खाण्याचे पदार्थ अत्यंत मोजके राहिल्यामुळे क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून ज्या पालकांना आहार करून पाहायचाच आहे त्यांनी आधी मुलाची सिलिअॅक रोगासाठीची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण सिलिअॅक या गव्हाच्या खऱ्या असहिष्णुतेत ग्लुटेन वर्ज्य करणे आवश्यकच असते आणि गहू आधीच बंद केला तर ही तपासणी फसवी ठरते. बद्धकोष्ठ, अ‍ॅसिडिटी, पोटदुखी या तक्रारी स्वमग्न मुलांत इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात आणि बोलता न येणारे मूल पोट दुखत असताना डोके आपटू शकते. त्या तक्रारींवर नेहमीचे वैद्यकीय उपचार केले तरी वर्तन निवळते, आणि त्याचे श्रेय पुष्कळदा भलत्याच गोष्टीला मिळते.

आतड्यातील जिवाणूंबद्दल अलीकडे जे बोलले जाते त्यातही कार्यकारणाची गल्लत आहे. स्वमग्न मुलांच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असतात, तेव्हा तेच कारण असावे, असे म्हणून प्रोबायोटिकच्या पुड्या विकल्या जातात. ऑस्ट्रेलियातील 247 मुलांच्या शौचनमुन्यांचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सुचवतो की गोष्ट उलट आहे: मुलांचे खाणे एकसुरी असते, त्यामुळे जिवाणूंतील विविधता घटते.

उंटिणीचे दूध हा भारतात विशेष खपणारा उपाय. गायीच्या दुधातील एक प्रथिन त्यात नसते हे खरे, पण केसीन त्यातही भरपूर असते, आणि तरीही केसीनमुक्त आहारावर ठेवलेल्या मुलाला ते महागड्या भुकटीच्या रूपात पाजले जाते. ते न तापवता दिल्यास ब्रुसेलोसिससारख्या संसर्गाचाही धोका असतो. ब-6 चे मोठे डोस दीर्घकाळ दिल्यास हातापायांच्या नसांना इजा होते, अ जीवनसत्त्व जादा झाल्यास यकृताला. ब्राह्मी, शंखपुष्पी किंवा पुष्य नक्षत्रावर गावोगावी शिबिरे भरवून दिले जाणारे सुवर्णप्राशन यांचा स्वमग्नतेवर परिणाम होतो याला भक्कम पुरावा नाही. धातूयुक्त रसौषधींबाबत मात्र जपायला हवे, कारण बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले होते. आजीच्या हातच्या तेलमालिशीला कोणाचीच हरकत नसावी. मुलाला स्पर्श आवडत असेल तर तिने ते शांत होते, एवढे पुरेसे आहे.

काही उपाय मात्र निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाहीत. लस किंवा तिच्यातील पाऱ्यामुळे स्वमग्नता होते हा समज अँड्र्यू वेकफील्ड यांच्या 1998 मधील बारा मुलांवरील लेखाच्या वेळेस बळावला. तो लेख 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे वैद्यकीय नोंदणीपत्रही गेले. तोपर्यंत शरीरातून धातू काढण्याची ‘किलेशन’ औषधे घरोघरी पोचली होती. ही औषधे शिशाच्या विषबाधेत जीवदायी असतात, पण आधी औषध देऊन मग लघवी तपासायची आणि औषध न घेतलेल्यांच्या प्रमाणाशी तुलना करायची, अशी तपासणी कोणाही मुलात ‘विष’ दाखवू शकते, कारण औषधच धातू लघवीत ओढून आणते. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात अशा उपचारात रक्तातील कॅल्शियम अचानक घसरून पाच वर्षांच्या मुलाचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. क्लोरिन डायॉक्साइड, म्हणजे विरंजक द्रव, पाजणे किंवा त्याचा एनिमा देणे हा प्रकार त्याहून भयानक आहे. त्याने सोलून निघालेले आतड्याचे अस्तर शौचावाटे पडते आणि पालकांना ते ‘जंत’ म्हणून दाखवले जाते.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेला प्रकार म्हणजे मूळपेशी उपचार, कारण मुंबई आणि तिच्या आसपास तो अनेक वर्षे लाखो रुपये घेऊन दिला गेला आणि परदेशांतूनही मुले त्यासाठी आणली गेली. बहुतेक वेळा मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, तिच्यातील पेशी वेगळ्या करतात आणि त्या पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात टोचतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज मूळपेशींचा वापर संशोधनापुरताच करता येतो, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही व त्याचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल असे सांगितले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने 180 मुलांवर नाळेच्या रक्ताची दुहेरी-अंध चाचणी केली, तीत सामाजिक कौशल्यांच्या ठरवलेल्या मुख्य मोजमापात प्लासिबोपेक्षा सरसता दिसली नाही. संशोधनाच्या नावाखाली रुग्णाकडून पैसे घेतले जात असतील तर तेथेच शंका यायला हवी, कारण खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्याला उपचाराचा खर्च द्यावा लागत नाही.

सगळीच दारे बंद आहेत असे नाही. झोप न लागणाऱ्या मुलांत मेलॅटोनिनचा उपयोग चाचण्यांत टिकला आहे, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फोलिनिक आम्लाबाबत 2025 मध्ये अमेरिकी सरकारने बरीच आशा दाखवली, पण त्यामागचे अभ्यास अजून लहान आहेत. संगीतोपचाराची 364 मुलांवर नऊ देशांत झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वमग्नतेची तीव्रता त्याने कमी झाली नाही, पण ज्या मुलाला तबल्यावर हात मारायला आवडते त्याने तो मारू नये असा अर्थ त्यातून कोणीही काढणार नाही.

गोव्याने या विषयात घातलेली भर पर्यायी उपचारांच्या यादीत येत नाही, म्हणूनच कदाचित तिची चर्चाही होत नाही. ‘संगत’ या संस्थेने गोव्यात आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीत 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पालकांकडे जात, आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना थोडे चित्रीकरण करत आणि मग ते दोघे मिळून पाहत: मूल कोठे बघत होते, त्याने हात पुढे केला तेव्हा आई काय बोलली, ती थोडी थांबली असती तर काय झाले असते. सहा-आठ महिन्यांनी पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला होता आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करत होती; मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ, अपेक्षेच्या विरुद्ध, घटला होता, आणि संशोधकांनी तेही निष्कर्षांत तितक्याच ठळकपणे छापले. चित्रफितींची पारख करणाऱ्यांना कोणत्या कुटुंबाला हे प्रशिक्षण मिळाले आणि कोणाला नाही, हे सांगण्यात आले नव्हते.